कर्ता नसलेलं वाक्य

ऑगस्टमध्ये पासबुक छापून आणलं आणि घरी येऊन चष्मा लावून बसलो. दुधाच्या पिशवीचाही हिशेब लिहिणारा माणूस मी. पेन्शनच्या खात्यात 299 रुपयांच्या तीन ओळी दिसल्या. मे, जून, जुलै, दर महिन्याला एक. पुढे यूपीआय, एक तिरपी रेघ, बारा आकडी नंबर आणि मध्येच तुटलेलं कुठल्याशा कंपनीचं नाव. त्या कंपनीकडून मी जन्मात काही घेतलेलं नव्हतं.

शेजारचा अकरावीतला मुलगा माझा फोन नीट करून द्यायला यायचा. त्याला विचारलं, "अरे, माझ्या फोनवरून काही घेतलंस का?" एवढंच. पण चौतीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या मास्तरचं 'एवढंच' कसं ऐकू येतं, हे मला कळायला हवं होतं. "नाही, आजोबा" म्हणून तो गेला, तो पुन्हा आला नाही.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, पिन टाकल्याशिवाय मंजुरी होत नाही. तुम्हीच टाकला असणार." राग आला, पण बाई बरोबर होत्या. एप्रिलच्या सुट्टीत नातू आला होता. "आजोबा, फक्त दोन रुपये जातील, पिन टाका ना!" म्हणाला. दोन रुपयांत पोराचं तोंड खुललं म्हणून मी टाकला. तो एका खेळाचा 'ट्रायल' होता, आणि माझा पिन ही पुढच्या दरमहा कपातीची परवानगी होती. नातू गेल्यावर मी तो खेळ फोनवरून काढूनही टाकला. खेळ गेला, परवानगी राहिली.

आता मुद्दा. हे सांगितलं की जो तो म्हणतो, "ज्येष्ठांनी सावध राहावं." मला हा उपदेश मान्य नाही. चूक माझी होती, दोन रुपयांची. पुढच्या 897 रुपयांत माझ्या चुकीइतकाच त्या नोंदीचा हात आहे.

मी मराठी शिकवलं. 'रक्कम वजा करण्यात आली' या वाक्यात कर्ता नाही, हे आठवीतलं पोरही सांगेल. कुणी केली, कशासाठी केली? व्यवहारातलं असं वाक्य म्हणजे लपवाछपवी. वाण्याने चिठ्ठीवर नुसतं '299' लिहून दिलं, तर आपण पैसे देऊ का?

आणि नियम नाहीत असंही नाही. पासबुकात न समजणाऱ्या नोंदी नकोत, थोडक्यात पण कळेल असा तपशील हवा, हे रिझर्व्ह बँक बँकांना कित्येक वर्षं सांगत आली आहे. जून 2017 च्या परिपत्रकात पैसे कुणाला गेले त्याचं नाव नोंदीत द्या, असंही सांगितलं. नाव दिलं आहेच की! फक्त ते खेळाचं नाही, मधल्या दलालाचं आहे. ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या कपातीआधी 24 तास सूचना द्यायची, हाही नियम. सूचना आली होती. इंग्रजीत, त्याच परक्या नावाने, कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात. नियम पाळला, माणसाला काही कळलं नाही.

हे नकळत होतं असं समजू नका. अमेरिकेत 'फोर्टनाइट' या खेळाच्या एपिक गेम्स कंपनीने लोकांना फसव्या बटणांनी नको असलेली खरेदी करायला लावली, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. डिसेंबर 2022 मध्ये कंपनीने साडेचोवीस कोटी डॉलर परताव्यासाठी द्यायचं कबूल केलं. अनोळखी रकमेबद्दल ज्यांनी कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली, त्यांची खेळातली खातीच कंपनी बंद करायची, हाही त्यात आरोप होता. आपल्याकडेही नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने अशा तेरा क्लृप्त्यांची यादी काढून मनाई केली. वर्गणीचा सापळा हा त्यातलाच एक.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. खात्याच्या ओळीत खेळाचं नाव लिहा, 'दरमहा वर्गणी' असं लिहा, आणि खातेदाराच्या भाषेत लिहा. बारा आकडे छापायला जागा आहे, तर चार शब्दांना का नाही?

तोवर आपणच शोधायचं. नोंदीतली तारीख आणि रक्कम घ्या, फोनच्या ॲप दुकानातल्या खरेदीच्या यादीशी जुळवा. मग यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून चालू परवानग्या बघा आणि नको ती रद्द करा. नुसता खेळ काढून भागत नाही. कुठेच जुळलं नाही, तर त्याच दिवशी बँकेला कळवून तक्रारीचा नंबर घ्या. अशा प्रकरणात दिवस मोजले जातात. आणि हे सगळं होईपर्यंत घरातल्या, शेजारच्या कुणावर संशय घेऊ नका.

शेजारच्या मुलाकडे मी स्वतः गेलो. माफी मागितली. "असू दे आजोबा," म्हणाला. फोन दाखवायला मात्र अजून त्याला बोलवायचं धाडस झालेलं नाही. 897 रुपयांचं मला फारसं वाटत नाही. या नुकसानीची नोंद कुठल्या पासबुकात होत नाही.