ससा गरीब, कागद लबाड



रिठदच्या बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा चालू होती. मध्येच एक तरुण मुलगा उठला आणि खिशातला घडी घातलेला कागद त्याने आमच्या हातात दिला. गुळगुळीत कागद, वर पांढऱ्याशुभ्र सशाचे चित्र, खाली ठळक अक्षरात हिशोब. दहा माद्या, तीन नर आणि पिंजरे मिळून एक युनिट. एकदाच पैसे भरा, पिल्ले आम्ही परत विकत घेऊ. ससा गवतावर वाढतो. रोज अर्ध्या तासाचे काम. वर्षाला आठ वेत.

मुलाच्या बापाचे चार एकर कोरडवाहू वावर. कापूस विकून सोसायटीचे कर्ज फिटले नाही, म्हणून आईचे दागिने मोडून युनिट घ्यायचे घरात ठरले होते. मुलगा म्हणाला, "भाऊ, तुम्ही ॲग्रीवाले. सांगा, घेऊ का?"

आम्ही तोंड उघडायच्या आत मागे बसलेल्या एका बाईने विचारले, "भाऊ, पन हे ससे खाते कोन?"

सभा हसली. आम्हाला हसू आले नाही. सगळा कागद उलटापालटा केला तरी ज्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते, नेमका तोच प्रश्न त्या बाईने विचारला होता.

आधी आमची कबुली

दुसऱ्याला लबाड म्हणण्यापूर्वी आम्ही आमचे सांगतो. चळवळीत येण्याआधी, नोकरीत असताना, आम्हीही व्यासपीठावर उभे राहून जोडधंद्याची व्याख्याने दिली. पुस्तकात होते ते सांगितले. आमच्या व्याख्यानानंतर त्याच मंडपात एका कंपनीच्या माणसाने टेबल मांडले आणि जोड्यांचे पैसे घेतले. आमचे भाषण त्याच्या दुकानाची पाटी झाले. पुढे मे महिना आला, पिंजरे रिकामे झाले, परत घेणारी गाडी आलीच नाही. शेतकरी आमच्याकडे आले तेव्हा आमच्याजवळ पदवी होती, उत्तर नव्हते. म्हणून आज रिठदच्या त्या मुलाला आम्ही उत्तर देणे लागतो.

बारा, एकशे चव्वेचाळीस, सतराशे अठ्ठावीस

कागदावरची आठ वेते सोडा. सांभाळ चांगला असला आणि उन्हाळ्यात जोडी लावणे बंद ठेवले, तर पाच वेते धरू. वेतामागे पाच पिल्ले जगली. दहा माद्यांची वर्षाची २५० पिल्ले झाली. त्यात निम्म्या, म्हणजे १२५ माद्या. कंपनी ही पिल्ले घेते आणि कोणाला विकते? खाटकाला नाही, हॉटेलाला नाही. दहा-दहा माद्यांची नवी युनिटे करून पुढच्या गावातल्या शेतकऱ्याला विकते. म्हणजे एका शेतकऱ्याच्या पिल्लांना खपवायला पहिल्या वर्षी १२ नवे शेतकरी लागतात. त्या १२ जणांच्या पिल्लांना दुसऱ्या वर्षी १४४ लागतात. तिसऱ्या वर्षी १,७२८. एका रिठदमधून सुरू झालेले हे गणित तिसऱ्या वर्षी रिसोड तालुक्यात मावत नाही.

ज्या दिवशी नवा शेतकरी मिळत नाही, त्या दिवशी फोन बंद होतो. तोवर पहिल्या दहा-वीस जणांना पैसे वेळेवर मिळालेले असतात. त्यांचेच फोटो दुसऱ्या गुळगुळीत कागदावर छापलेले असतात. तेव्हा "अमक्याला पैसे मिळाले" हा पुरावा नव्हे, ते आमिष आहे.

हे नवे नाही. २०१२ साली तामिळनाडूत पेरुंदुराईची इमू कंपनी बुडाली. महाराष्ट्रातही इमूची कुंपणे ओस पडली, कारण पक्षी मोठे झाले आणि घेणारा कोणी नव्हता. २०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला कडकनाथ कोंबड्यांचा असाच बाजार उठला आणि हजारो शेतकरी फसले. कडकनाथ हा झाबुआचा अस्सल पक्षी, त्याच्यात खोट नव्हती. इमूतही नव्हती. खोट होती ती विकणाराही मीच आणि घेणाराही मीच म्हणणाऱ्या करारात. बोकड घेऊन बाजारात उभे राहा, तीन गिऱ्हाईक येऊन पाठ चाचपतात आणि भाव करतात. बोकडाला करार लागत नाही. ज्या जनावराला जगात एकच गिऱ्हाईक आहे, त्याचा भाव ते गिऱ्हाईकच ठरवणार. एकाच खरेदीदाराच्या दारात कापूस टाकायची वेळ आली की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

ससा गवतावर वाढत नाही, माणसाच्या लक्षावर वाढतो

ससा हे गुणी जनावर आहे. केरळात, तामिळनाडूत त्याचे मांस खातात. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत सशांवर वर्षानुवर्षे काम झालेले आहे. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला या जाती चांगल्या खाऊपिऊ घातल्या तर तीन महिन्यांत दोन किलोच्या आसपास भरतात. पण त्यासाठी काय करावे लागते ते कागदवाला सांगत नाही. आम्ही सांगतो.

पहिले म्हणजे ऊन. सशाला घाम येत नाही. कानावाटे तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पारा ३० च्या वर गेला की नराची वीण मंदावते, ३५ च्या वर ससा धापा टाकतो, ४० च्या वर मरू लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. कागदात टिनाचे शेड आहे. टिनाखाली ससा ठेवणे म्हणजे तव्यावर भाकर ठेवणे. पूर्व-पश्चिम लांबीचे छप्पर, वर पऱ्हाटीचा किंवा कडब्याचा जाड थर, बाजूला ओली पोती, दाट झाडाची सावली आणि दिवसभर गार पाणी, एवढे हवेच. उन्हाने तापलेला नर पाऊस पडल्यावरही दीड-दोन महिने कामाचा नसतो. म्हणून आठ वेतांचा हिशोब वाशिम जिल्ह्यात खोटा आहे.

दुसरे म्हणजे चारा. मोठ्या सशाला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खुराक आणि वर हिरवा चारा, वाळले गवत लागते. पिल्ले पाजणाऱ्या मादीला याहून बरेच जास्त आणि दिवसाला लिटरभर तरी पाणी. लसूणघास उत्तम, पण एप्रिलमध्ये विहीर तळाला गेल्यावर लसूणघास कोण पिकवणार? आपल्या घरची सरकीची ढेप सशाला घालू नका, त्यातले गॉसिपॉल त्याला बाधते. कोवळ्या ज्वारीचे विष जसे ढोराला मारते तसे सशालाही मारते, तेव्हा निसवण्याआधीची ज्वारी तोडून टाकू नका. बुरशी लागलेली शेंगदाण्याची ढेप नको. आणि फवारलेल्या कपाशीतले निंदण तर मुळीच नको. आता सांगा, फुकटचे गवत राहिले कुठे? एक किलो वजन वाढायला साडेतीन ते चार किलो खाद्य लागते. खाद्याची गोणी विकणारा बहुधा तोच कागदवाला असतो.

तिसरे म्हणजे वीण. मादी पाच-सहा महिन्यांची, नर सहा-सात महिन्यांचा झाल्याशिवाय जोडी लावू नये. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. नर मादीकडे नेला तर ती त्याला फाडते. दिवस ३० ते ३२. बाराव्या-चौदाव्या दिवशी जाणत्या हाताने पोट चाचपून गाभण कळते. २७ व्या दिवशी वाळले गवत घातलेली पेटी ठेवावी, मादी स्वतःचे केस उपटून घरटे करते. पिल्ले उघडीनागडी, आंधळी जन्मतात, दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. आई दिवसातून एकदा-दोनदाच पाजते, म्हणून ती टाकून बसली असे समजून सारखी पेटी हलवू नये. चार ते सहा आठवड्यांनी पिल्ले तोडावीत. आणि सर्वात महत्त्वाचे, एका वेताची भावंडे जोडी म्हणून लावू नयेत. कंपनीच्या पिंजऱ्यात नर-माद्या बहुधा एकाच घरच्या असतात. पुढच्या पिढीत पिल्ले कमी, अशक्त आणि दात वाकडे निघतात, आणि दोष शेतकऱ्यावर येतो.

चौथे म्हणजे दुखणे. पिंजऱ्याला जाळीचा तळ हवा, जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच, म्हणजे लेंडी-मूत खाली पडेल. ओल राहिली की पिल्लांना कॉक्सिडियाची हगवण लागते आणि वेतच्या वेत जाते. कानात खपली धरली तर ती खरूज आहे, डॉक्टरकडून इंजेक्शन द्यावे. मनाने पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन पाजू नये, आतडे बिघडून ससा मरतो. पहाटे ससा आपलीच मऊ लेंडी खाताना दिसला तर घाबरू नका, तो त्याचा रवंथच समजा. विकत घेताना मात्र नाक कोरडे आहे का, पुढच्या पायांची आतली बाजू शेंबडाने चिकटलेली नाही ना, कान, दात आणि शेपटीखालची जागा साफ आहे ना, एवढे स्वतः पाहा. चित्र पाहून पैसे मोजू नका.

हे अर्ध्या तासाचे काम नाही. आणि हे बहुतेक घरच्या बाईच्या डोक्यावर पडते. निंदण, पाणी, चूल आटोपून ती पिंजरे साफ करणार, हिशोबात तिच्या मजुरीचा रकाना कुठेही नाही.

तरीही ज्याला करायचे आहे

करा. पण कर्ज काढून नाही, दागिने मोडून नाही. पाऊस सरल्यावर तीन माद्या आणि एक नर, वेगवेगळ्या घरचे, घ्या. वही घाला. जोडी, वेत, मेलेली पिल्ले, खाद्य, सगळे लिहा. एक उन्हाळा काढा. पहिली पिल्ले आपल्या तालुक्यात रोख विकून दाखवा. विकली गेली तर वाढवा. आणि रानातला ससा धरून आणू नका, त्याची जात वेगळी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

करारवाला दारात आला तर त्याला चार गोष्टी मागा. गेल्या वर्षी घेतलेले ससे खाटिक, हॉटेल, प्रयोगशाळा यांपैकी कोणाला विकले त्याच्या पावत्या. एक वर्षाच्या खरेदीची बँक हमी. जोडीमागे पशुवैद्यकाचा दाखला आणि मरतुकीचा वाटा दोघांवर. आणि वाद झाला तर कोर्ट वाशिमचे, त्याच्या शहरातले नाही. पावतीवर तो 'ठेव' लिहीत नाही, 'जोड्यांची विक्री' लिहितो. म्हणजे पुढे "माल दिला, पैसे घेतले" म्हणायला मोकळा. हा शब्द नीट वाचा. कागद घेऊन आपल्याच तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत जा, तिथल्या माणसाला विचारा. या चार गोष्टी जो देत नाही त्याला गावात सभा घेऊ देऊ नये, असा ठराव जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. प्रत्येक गावाने आपल्या ग्रामसभेतही तो मांडावा.

शेवटी एकच. कापूस तोट्यात, ज्वारी तोट्यात, म्हणून ससे पाळा, हा उपदेश आपण किती दिवस ऐकायचा? जोडधंदा म्हणजे पोट भरल्यावरची जोड. मूळ धंद्याला पडलेले भोक सशाच्या कातड्याने बुजत नाही. भावाची लढाई सोडून जो पिंजऱ्याकडे वळेल, त्याच्यासाठी एक पिंजरा तयारच आहे.

रिठदच्या त्या मुलाने कागद परत खिशात घातला. दागिने अजून आईच्या अंगावर आहेत. ते तिथेच राहावेत म्हणून हे लिहिले. बैठकीत वाचून दाखवा, आणि ज्यांच्या घरी तसा कागद आला आहे त्यांना त्या बाईचा प्रश्न आधी विचारायला सांगा.