छपराची परीक्षा कोण घेणार ?

२०२५ सालच्या जुलै महिन्यांत दोन वार्ता एकामागून एक आपल्या वृत्तपत्रांत आल्या. पहिली ‘परख’ सर्वेक्षणाच्या निकालाची. ४ डिसेंबर २०२४ रोजीं, एकाच दिवशीं, ७८१ जिल्ह्यांतील ७४ हजारांहून अधिक शाळांत तिसरी, सहावी व नववीच्या २१ लाखांवर मुलांची चाचणी घेण्यांत आली होती; तिचीं कोष्टकें प्रसिद्ध झालीं. दुसरी वार्ता २५ तारखेची. राजस्थानांत झालावाड जिल्ह्यांतील पिपलोदी या गांवीं सरकारी शाळेचें छप्पर सकाळीं कोसळलें, व ७ मुलें त्याखालीं दगावलीं.

वरून खडे पडत असल्याचें मुलांनीं आधीं सांगितलें होतें व त्यांना गप्प बसविण्यांत आलें, असें छापून आलें. त्याची शहानिशा ज्यांनीं करावयाची ते करोत. आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीनें. मोडकळीस आलेल्या शाळांची यादी मागविली होती, परंतु तींत या शाळेचें नांव नव्हतें, असें जिल्हाधिकाऱ्यांकडून सांगण्यांत आलें. म्हणजे यादी होती ! कागद होता, छप्पर मात्र कोणी पाहिलें नव्हतें.

चाचणीचा व छपराचा संबंध काय, असें कोणी चाचणीचे कैवारी विचारतील. चाचणीस आमचा विरोध नाहीं. गरिबाच्या मुलास वाचतां येत नाहीं ही गोष्ट तिच्यावांचून झांकलीच राहिली असती. पण जें सरकार एका दिवशीं पाऊण लाख शाळांत प्रश्नपत्रिका पोहोंचवूं शकतें, त्यास पावसाळ्यापूर्वीं त्याच शाळांत भिंत ठोकून पाहणारा एक इंजिनियर पाठवितां येत नाहीं, हें आम्हांस पटवून घेतां येत नाहीं. पिपलोदीच्या शिक्षकांस निलंबित करण्यांत आलें. त्यांचा दोष असेल तर त्यांस शासन होवो ; परंतु तुळई कुजली कीं नाहीं हें ओळखण्याचें ज्ञान शिक्षकास कोणत्या प्रशिक्षणांत दिलें जातें ?

मराठी वाचकानें राजस्थानाकडे बोट दाखवूं नये. नगर जिल्ह्यांतील निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचें छप्पर २०१७ च्या ऑगस्टांत पडलें, व त्यांत ३ मुलें गेलीं. कायदा अपुरा आहे असेंही नाहीं. कुंभकोणम् येथील शाळेच्या आगींत २००४ सालीं ९४ मुलें होरपळून मेलीं. तदनंतर २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्क येतोच, असा निर्वाळा दिला. त्याउपर आणखी काय सांगावयाचें राहिलें ?

राहिलें तें आमच्यासारख्या पांढरपेशांना सांगावयाचें. आमचीं मुलें त्या छपराखालीं बसत नाहींत. म्हणूनच निकालाचीं कोष्टकें आम्ही चहाच्या वेळीं चवीनें वाचतों, आपल्या राज्याचा क्रमांक शोधतों, आणि छपराची वार्ता पान उलटून मागें टाकतों. आमचा एखादा मुलगा तेथें असता तर यादी कोणी केली हें विचारण्यास आम्ही दुसऱ्याच दिवशीं कचेरींत गेलों असतों.

आमची मागणी अल्प आहे. प्रत्येक शाळेच्या दारावर, जेवणाच्या फळ्याशेजारींच, इमारत शेवटीं कोणी व कोणत्या तारखेस तपासली हें रंगानें लिहावें, नांवासकट. ज्या शाळेवर तें नाहीं, तेथें पुढील चाचणीच्या प्रश्नपत्रिका पाठवूं नयेत.