विश्लेषण : लेखकांचा संप झाला की आधी कोणता शो बंद पडतो?

अमेरिकेत २ मे २०२३ रोजी सुमारे ११,५०० पटकथालेखक संपावर गेले आणि जिमी फॅलन, स्टीफन कोल्बर्ट यांच्या ‘लेट नाइट’ शोचे जुने भाग लगेच दिसू लागले. आजच्या बातमीवरचा विनोद आजच लिहावा लागतो, त्याचा साठा करता येत नाही.

दुपारच्या रोजच्या मालिकांकडे काही आठवड्यांच्या संहिता तयार होत्या. त्या चालू राहिल्या.

सप्टेंबरात सुरू होणाऱ्या मालिकांची मात्र पंचाईत झाली. संप १४८ दिवस चालला. त्यात जुलैपासून कलाकारांच्या संपाची भर पडली. ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’चा तिसरा हंगाम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, तोही २२ ऐवजी १४ भागांचा.

रिकाम्या वेळा रिअ‍ॅलिटी शोंनी भरल्या. त्यांतले प्रसंगही कोणीतरी रचतेच. पण त्या मंडळींना बहुधा ‘लेखक’ म्हणत नाहीत, त्यामुळे ती संपाबाहेर राहिली.

गंमत अशी, की लेखकांचा मोठा राग स्ट्रीमिंगवर होता. तिथे हंगाम छोटे आणि पुनर्प्रक्षेपणाचे मानधन तुटपुंजे. पण नेटफ्लिक्ससारख्यांकडे तयार मालिका होत्या, शिवाय कोरियन, स्पॅनिशही. त्यांच्या प्रेक्षकांना संप सर्वांत उशिरा जाणवला.