इशाऱ्याचे कवच कोणाला?

जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या समभागांना सुमारे ७३ पट मागणी आली. कंपनीच्या नियोजित प्रकल्पांत नागपूरजवळचे बुटीबोरीही होते. सामान्य गुंतवणूकदाराने ४३० रुपयांना घेतलेला समभाग बाजारात पहिल्याच दिवशी ३७२.५० वर बंद झाला. बुटीबोरीचे वीजकेंद्र उभे राहिले खरे, पण २०१९ मध्ये ठप्प झाले.

भाकिते खरी ठरतीलच असे नाही, हा इशारा माहितीपत्रकात असतोच. पण शेकडो इंग्रजी पानांत! अमेरिकेच्या १९९५ च्या कायद्याने अशा इशाऱ्याला कंपनीचे कवच मानले, मात्र प्रथम समभागविक्रीला त्यातून वगळले. नव्या कंपनीचा शब्द पडताळायला पूर्वेतिहास कोठे असतो? निवृत्तीची पुंजी गुंतवणाऱ्या कुटुंबापुढे जाहिरात मराठीत येते. धोक्याची पानेही मराठीत देण्याचे बंधन ‘सेबी’ने घातले पाहिजे.