आकाशाला रंग कोण देतो?

कला आणि विज्ञान ही दोन परकी घराणी असून त्यांच्यात रोटीबेटीचा व्यवहार होत नाही, असा एक समज आपल्या घराघरांत पक्का रुजला आहे. दहावीचा निकाल लागला की त्याचा प्रत्यय येतो. गुण चांगले असले तर मुलाच्या हातातली चित्रकलेची वही काढून घेतली जाते आणि गुण बेताचे असले तर तीच वही त्याच्यापुढे सरकवली जाते. जणू हुशारांनी विज्ञान करावे आणि उरलेल्यांनी चित्रे काढावीत! हा समज नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निमित्त आहे ते कलावंतांच्या विज्ञानसंस्थांतील निवासाचे, ज्याला आता सर्रास 'रेसिडेन्सी' म्हटले जाते. कलावंताने काही आठवडे किंवा महिने प्रयोगशाळेत वा वेधशाळेत राहावे, शास्त्रज्ञांचे काम पाहावे, त्यांच्या आकडेवारीवर संगणकाच्या साहाय्याने चित्र, ध्वनी वा चलच्चित्र घडवावे, अशी ही योजना. अमेरिकेच्या 'नासा'ने १९६२ सालीच चित्रकारांना आपल्या तळांवर बोलावण्यास आरंभ केला होता. २००३ साली लॉरी अँडरसन ही कलावती 'नासा'ची पहिली निवासी कलावंत झाली. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संस्थेने २०११ मध्ये असा उपक्रम नियमित सुरू केला, आणि पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीचा शोध घेणाऱ्या 'सेटी' संस्थेतही कलावंत राहून काम करू लागले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : ही श्रीमंतांची चैन आहे. आक्षेप केवळ गरीब देशांतच घेतला जातो असेही नाही. लॉरी अँडरसनला मिळालेल्या २० हजार डॉलरवरून २००५ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ओरड झाली होती. अग्निबाणांवर अब्जावधी खर्च करणाऱ्यांना एका कलावतीचे मानधन डोळ्यांत खुपले! दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. कलावंताने यावे, विज्ञान 'सुंदर' करून दाखवावे आणि जावे, असे म्हणणारे स्वतःला कलेचे कैवारी समजतात. आम्हांला या दुसऱ्या मंडळींशीच अधिक भांडायचे आहे. कारण पहिले कलेला नाकारतात, तर दुसरे तिला रांगोळी काढायला बसवतात.

अंतराळाचे विज्ञान कलेवाचून लोकांपर्यंत पोहोचतच नाही, ही गोष्ट ही मंडळी विसरतात. १९९५ साली हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातील वायुस्तंभांचे जे चित्र दिले ते आज असंख्य पाठ्यपुस्तकांत आहे. त्यातला हिरवा रंग हायड्रोजनचा, लाल गंधकाचा आणि निळा ऑक्सिजनचा. पण हायड्रोजनचा आणि गंधकाचा तो प्रकाश प्रत्यक्षात लालच असतो. दोहोंतला भेद डोळ्यांना कळावा म्हणून शास्त्रज्ञांनी हायड्रोजनला हिरवा रंग दिला. २०१९ साली जगभर गाजलेल्या कृष्णविवराच्या छायाचित्रातला नारिंगी रंगही असाच निवडलेला. मूळ नोंद होती ती रेडिओलहरींची, आणि त्यांना रंग नसतो. यात फसवणूक काही नाही. पण निवड आहे, आणि निवड करणे हेच तर कलावंताचे काम. ते काम आधीच चालू आहे. प्रश्न एवढाच की ते जाणतेपणी, उघडपणे आणि जबाबदारीने व्हावे की नकळत? आकाशाला रंग कोण देतो आणि का देतो, हे आपल्या मुलांना कळू नये काय?

कलेचे शिक्षण झालेला डोळा विज्ञानात काय करू शकतो, याचा दाखला चारशे वर्षांपूर्वीचा आहे. १६०९ साली इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे चित्रही काढले. पण त्याला डाग दिसले, डोंगर दिसले नाहीत. त्याच वर्षी गॅलिलिओने तोच चंद्र पाहिला. छायाप्रकाशाची आणि यथादर्शनाची विद्या त्याला अवगत होती, म्हणून ते डाग नसून डोंगरांच्या सावल्या आहेत हे त्याने ओळखले. त्याचा मित्र लुदोविको चिगोली हा चित्रकार होता. स्वतः सूर्यावरचे डाग टिपून ती चित्रे तो गॅलिलिओकडे धाडीत असे. याच चिगोलीने १६१२ साली रोममधील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरातील पोप पाचवे पॉल यांच्या चॅपेलच्या घुमटात पवित्र मरियामातेचे चित्र पूर्ण केले. तिच्या पायांखालचा चंद्र त्याने परंपरेप्रमाणे निष्कलंक, गुळगुळीत न रंगवता गॅलिलिओच्या चंद्रासारखा खाचखळग्यांचा रंगवला. पुढे १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली. त्या प्रकरणात धर्मपंडितांची चूक झाली होती, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जाहीरपणे सांगितले. मधल्या साडेतीन शतकांत तो खडबडीत चंद्र मात्र मरियामातेच्या चरणांशी तसाच होता. न्यायालयाला जे पेलले नाही ते एका भित्तिचित्राने पेलले. कलेला शोभेची वस्तू समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता पुण्याकडे वळू. या शहराला अशा मैत्रीसाठी परदेशाकडे हात पसरण्याचे कारण नाही. ज्या जागेवर 'प्रभात'ने १९३६ साली 'संत तुकाराम' चित्रपटात तुकोबांचे वैकुंठगमन कॅमेऱ्याच्या करामतीने साकारले, त्याच जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका' ही खगोलसंस्था चार्ल्स कोरिया यांनी रचली. दादरचे साल्वेशन चर्च बांधणारे ते हेच वास्तुशिल्पी. आयुकाच्या मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तेथील दगडांची आणि अंगणांची रचनाच गणिताची आणि विश्वाची भाषा बोलते. संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर (निधन २०२५) यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपली पहिली विज्ञानकथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली होती. पुढे ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. शास्त्रज्ञाने कथा लिहिल्याने त्याचे विज्ञान पातळ झाले, असे कोणी म्हणेल काय?

आणि पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यांतल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन बाहूंवर पसरलेल्या. त्यांच्या ४३५ जोड्यांच्या संकेतांची सांगड घालून संगणक आकाशाचे चित्र उभे करतो. म्हणजे येथे चित्र 'काढावेच' लागते. आयते मिळत नाही. संगणकावर काम करणाऱ्या कलावंताला याहून योग्य घर कोणते?

पण घर देताना आमच्या काही अटी आहेत, आणि त्या आम्ही आग्रहाने मांडतो.

पहिली अट : पाहुणा राहिला पाहिजे. पंधरा दिवसांत भिंतीवर झगमगाट करून जाणाऱ्याला आम्ही निवासी म्हणणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. मधली ३७ वर्षे त्यांनी लोकांची भाषा आत्मसात करण्यात आणि लोकांत राहण्यात घालवली. एवढी अपेक्षा आजच्या कलावंताकडून कोणी करणार नाही. पण काही महिने आणि थोडी मराठी, एवढे मागणे जास्त नव्हे.

दुसरी अट : कलाकृती आधी खोडदला दाखवावी, मग पुण्यामुंबईच्या दालनांत. दुर्बिणीला शांतता लागते. मोबाइलचे मनोरे, कारखाने, विजेची यंत्रे या साऱ्यांचा तिला उपद्रव होतो. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेची आखणीसुद्धा या दुर्बिणीपायी बदलण्याची भूमिका रेल्वेने घेतली. त्या शांततेची किंमत परिसरातला माणूस मोजतो. फळ मात्र निमंत्रितांनी इंग्रजीत चाखावे, हा कुठला न्याय? जवळचे नारायणगाव तर तमाशाची पंढरी, विठाबाईंचे गाव. तेथल्या फडातला ढोलकीवाला पल्सार ताऱ्याचे नियमित ठोके ऐकून काय म्हणेल, हे ऐकण्याची आम्हांला मोठी उत्सुकता आहे. निवासी कलावंत परदेशी विमानातूनच उतरला पाहिजे, असे कोणी ठरवले?

तिसरी अट : प्रत्येक कलाकृतीशेजारी साध्या मराठीत लिहावे की कोणता रंग वा सूर कशासाठी योजला आहे. सौंदर्याला सत्याची भीती वाटण्याचे कारण नाही. आणि सूर म्हटले ते सहज नव्हे. वांडा दियाझ-मर्सेड या पोर्तो रिकोच्या अंध खगोलशास्त्रज्ञ आकाशातील नोंदी ध्वनीत रूपांतरित करून अभ्यासतात. रंगाच्या मोहात आपण ज्यांना वगळतो त्यांनाही ही वाट मोकळी होते. आपल्या धर्मग्रामांतील दृष्टिहीन मुलांना आकाश 'ऐकवणारा' कलावंत आम्हांला शंभर झगमगाटांहून मोलाचा वाटतो.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा. खोडदची दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली चालते, तिचे संस्थापक होमी भाभा स्वतः चित्रे काढीत. त्यांनी मुंबईच्या संस्थेत चित्रांचा मोठा संग्रह जमवला, दर्शनी दालनात हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र लावले. देश तेव्हा आजच्याहून कितीतरी गरीब होता. अडचण पैशाची नाही, दृष्टीची आहे.

तेव्हा वाचकहो, मागणी संस्थांकडे करायची तशी आपल्या घराकडेही करायची आहे. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली होते. धर्मग्रामाच्या सहली नेहमीच्या ठिकाणी जातात. एखादी तिकडेही न्यावी. आणि निघताना, दहावीत उत्तम गुण मिळवलेल्या मुलीच्या पिशवीत चित्रकलेची वही आठवणीने ठेवावी. त्या थाळ्यांखाली उभी राहून तिने काय काढले, ते मग आपण सर्वांनी पाहू.