‘शॉर्टसर्किट’ नावाची पळवाट

आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘आग शॉर्टसर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ भूकंप किंवा वीज पडणे याप्रमाणे हा शब्द आपण दैवी आपत्तीच्या रकान्यात टाकून दिला आहे. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वसईच्या खाडीपलीकडे विरार येथील रुग्णालयात अतिदक्षता विभागातील पंधरा रुग्ण दगावले. दोन्ही वेळा चर्चा विजेच्या उपकरणातील बिघाडाचीच झाली. रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले, ते योग्यच होते. पण रुग्णालयात आपण चार दिवस असतो, घरात आयुष्यभर. त्या घरातील भिंतीमागची तार शेवटची कधी तपासली, असा प्रश्न मीरा-भाईंदरमधील शंभर कुटुंबांना विचारला, तर किती जणांना उत्तर देता येईल?

हा प्रश्न या शहराला विशेषत्वाने लागू पडतो. १९९१ साली येथील लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर गेली, २००२ साली महानगरपालिका आली आणि २०११ च्या जनगणनेत हा आकडा आठ लाख ओलांडून गेला. मुंबईत घर न परवडणाऱ्या मध्यमवर्गाने मिठागरांच्या या भूमीत आपला संसार थाटला. त्या धावपळीत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींमधील वायरिंग त्या काळच्या गरजेपुरते होते. दोन ट्यूबलाइट, दोन पंखे, एक दूरचित्रवाणी संच आणि ऐपत असल्यास फ्रीज. आज त्याच घरात गिझर, वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह, धुलाईयंत्र आणि इंडक्शन शेगडी आहे. खाली विजेवर चालणारी स्कूटर चार्ज होत असते. वीज देणारी कंपनीही बदलली. बीएसईएस गेली, रिलायन्स आली, २०१८ पासून अदानी आहे. बदलली नाही ती भिंतीतील तार. त्यात खाडीची खारट, दमट हवा. तिने जिथे खिडकीचे गज गंजतात, तिथे बोर्डातील स्क्रू आणि सांधे कसे सुटतील?

आग लागते कशी, हे समजून घेतले पाहिजे. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला, तर निर्माण होणारी उष्णता चौपट होते. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढतो, दीड टनाचे वातानुकूलन यंत्र सात-आठ अँपिअर. दिव्यांसाठी घातलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ही दोन्ही एकाच वेळी चालवणे म्हणजे हातगाडीवर ट्रकचा माल लादणे होय. तारेवरील साधारण पीव्हीसीचे आवरण सत्तर अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. ते वर्षानुवर्षे तापत राहिले की कडक होते, तडकते आणि एका रात्री दोन तारा एकमेकींना भिडतात. शॉर्टसर्किट हा त्या दीर्घ हेळसांडीचा शेवटचा क्षण असतो. मूळ कारण त्याआधी अनेक वर्षे भिंतीत मुरत असते.

यावर एमसीबी आहे ना, असे सांगितले जाईल. एमसीबीचे काम तारेचे रक्षण करण्याचे. म्हणून ती तारेच्या जाडीला साजेशी हवी. प्रत्यक्षात सोळा अँपिअरची वारंवार पडते म्हणून वायरमन बत्तीसची बसवून देतो आणि आपण त्याचे आभार मानतो. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखेच हे! शिवाय सैल सांध्यात ठिणग्या उडत असल्या तरी एकूण प्रवाह वाढत नाही, त्यामुळे तिथे एमसीबी गप्प राहते. जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारी आरसीसीबी वेगळी. घरासाठी ती तीस मिलिअँपिअरची असावी लागते. तिच्यावर चाचणीचे एक लहानसे बटण असते. ते दाबून पाहिलेली घरे किती?

इंग्लंडमधील अनुभव येथे उपयोगी आहे. घरातील प्लॅस्टिकच्या वीजपेट्यांना सैल सांध्यांमुळे आगी लागत असल्याचे लंडनच्या अग्निशमन दलाच्या ध्यानात आले. त्यानंतर जानेवारी २०१६ पासून तेथे नव्या घरगुती पेटीचे कवच धातूसारख्या न जळणाऱ्या पदार्थाचे असावे, असा नियम झाला. दुसरा धडा अधिक दारुण आहे. २००५ मध्ये स्टीव्हनेज येथे आणि २०१० मध्ये साउदॅम्प्टन येथे उंच निवासी इमारतींच्या आगीत प्रत्येकी दोन जवान मृत्युमुखी पडले. प्लॅस्टिकच्या पट्ट्या वितळून वरून लोंबलेल्या केबलींच्या जाळ्यात ते अडकले होते. तेव्हापासून तारा धातूच्या आधाराने बांधण्याचा आग्रह तेथील नियमांत आला. आता आपल्या इमारतीचा जिना डोळ्यांसमोर आणा. केबलवाल्याच्या, इंटरनेटवाल्याच्या, जुन्या दूरध्वनीच्या तारांचे झुबके, त्याखाली चपलांचे कपाट आणि तळाशी मीटरच्या खोलीत ठेवलेली रद्दी. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या एका निवासी इमारतीत आग तळाशी वाहनतळात लागली आणि वरच्या मजल्यांवरची किमान सात माणसे दगावली. आगीच्या वेळी जिना हाच सुटकेचा मार्ग असतो आणि तोच आपण सरपणाने भरून ठेवला आहे.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ साली झाला. ज्या इमारतींना अग्निसुरक्षेची व्यवस्था बंधनकारक आहे, तेथील मालक वा भोगवटादारांनी ती चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. वीजजोडणीत फेरबदल परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावेत, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम सांगतात. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणीही सक्तीची आहे. म्हणजे खांब तपासला जातो, पण त्या खांबालगत जाणारी तार तपासली जात नाही. वीजकंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते, पालिका अग्निशमन नळकांड्यांची तारीख पाहते आणि दाराच्या आत जे आहे ते कोणाचेच नसते.

यावर एक आक्षेप हमखास येतो : पुनर्विकास होणारच आहे, मग खर्च कशाला? तो अगदी निराधार नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबाला सगळे वायरिंग बदलणे जड जाते. परंतु मीरा रोड आणि भाईंदरमधील किती सोसायट्या पुनर्विकासाच्या बैठका वर्षानुवर्षे घेत आहेत, हे तेथील सभासदच जाणतात. विकासक ठरेपर्यंत आग वाट पाहणार नाही. शिवाय सगळेच एकदम करावे लागत नाही. सांधे आवळून घेणे, योग्य क्षमतेच्या एमसीबी व एक आरसीसीबी बसवणे, गिझर आणि वातानुकूलन यंत्राला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार देणे, मंजूर भार वाढवून घेणे. एवढ्यानेही धोका पुष्कळ घटतो. घर भाड्याने दिले असेल, तर हे कर्तव्य घरमालकाचे आहे. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातील वीजव्यवस्थेची दर पाच वर्षांनी तपासणी मालकावर बंधनकारक आहे.

पालिकेने संरचनात्मक तपासणीच्या अहवालातच वीजतपासणीचे एक पान सक्तीचे करावे, ही आमची मागणी आहे. मात्र पालिकेच्या परिपत्रकाची वाट पाहत बसणे समाजाला शोभत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेक जण सोसायटीच्या कार्यकारिणीत आहेत, अनेक जण वस्तीत नित्य संपर्क ठेवणारे कार्यकर्ते आहेत. त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव मांडावेत : मीटरची खोली व जिना मोकळा करणे, लोंबत्या केबली धातूच्या पट्ट्यांनी बांधून घेणे आणि परवानाधारक कंत्राटदाराकडून घरोघरची तपासणी करून घेणे. गणपतीच्या वर्गणीसाठी आपण प्रत्येक दार ठोठावतो. यंदा त्याच दारांवर एकदा याही कामासाठी जाऊ या.