पीएच.डी. करून काय मिळणार?



आपल्या वस्तीत 'डॉक्टर' म्हटले की गळ्यात नळी अडकवलेला आणि सुई टोचणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण आता आपल्याच घरांतून दुसऱ्या प्रकारचे डॉक्टर होऊ पाहणारी मुले-मुली निघाली आहेत. कोणी रसायनशास्त्रात, कोणी संगणकशास्त्रात, कोणी मराठी साहित्यात, कोणी पालीत पीएच.डी.साठी नाव नोंदवते. मग ज्यांनी गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत घाम गाळून मुले शिकवली, त्या आईबापांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, "एम.ए. झालास, एम.एस्सी. झालास, आता आणखी किती शिकणार? आणि त्याने मिळणार काय?"

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. ज्या घरात महिनाअखेरीला किराण्याची उधारी चालते, त्या घराने पाच वर्षांचा हिशेब विचारलाच पाहिजे. मात्र हिशेब मांडण्याआधी माल काय आहे हे तरी ठाऊक हवे. संशोधन म्हणजे नेमके काय, हेच आपल्याकडे कोणी नीट सांगत नाही. म्हणून या वेळी तोच विषय घेतला आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे, कारकुनी करणारे. कचेरीतला साधा नियम असा की व्हाउचर असल्याशिवाय खर्च मान्य होत नाही. साहेब कितीही मोठा असो, पावती नसेल तर ती रक्कम धरली जात नाही. संशोधनातही तोच नियम चालतो. एक प्रश्न घ्यायचा, त्याचे उत्तर शोधायचे, प्रत्येक विधानामागे पुरावा जोडायचा आणि सारी वही तपासणीसाठी परक्यांपुढे उघडी करायची. तथागतांनी कालामांना हेच सांगितले. केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. तेव्हा बौद्धाच्या घरात संशोधन ही परकी वस्तू नाही.

व्हाउचर मात्र सगळीकडे एकाच नमुन्याचे नसते. विज्ञानातला पुरावा वेगळा, संगणकातला वेगळा, साहित्यातला वेगळा. एकेक उदाहरण पाहू.

पहिले विज्ञानाचे. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या झाल्याच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या असतील. या रोगात माणूस नेमका कशाने मरतो, असा प्रश्न कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांना पडला होता. त्यांनी जंतू वाढवलेले पाणी गाळून त्यातले जंतू पूर्णपणे काढून टाकले आणि उरलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. जंतू एकही नव्हता, तरी आतडे पाण्याने टम्म फुगले. याचा अर्थ जंतू एक विष सोडतात आणि ते विष शरीरातले पाणी आतड्यात खेचून घेते. हा शोध १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. दुसरीकडे अन्य शास्त्रज्ञांनी असे दाखवले की साखर सोबत असली की आतडे मीठ शोषून घेते आणि मिठामागोमाग पाणीही आत जाते. सशाचे आतडे घेऊन बसलेल्या या माणसांना "याचा उपयोग काय?" असे त्या वेळीही कोणी विचारले असेलच.

उपयोग १९७१ साली दिसला. बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालमधील बनगाव येथे आले आणि छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून पाजण्यास सुरुवात केली. शंभरातले तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्या आत आले. आज आपल्या लेकराला जुलाब लागले की उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून आई ते घोट घोट पाजते. चमचा चहाचा, हे लक्षात ठेवावे. त्या तांब्यातले पाणी प्रयोगशाळेतून आपल्या मोरीपर्यंत आले आहे.

आता संगणक. आपल्याकडे संगणकाचे शिक्षण म्हणजे टायपिंग, एम.एस.सी.आय.टी.चा दाखला किंवा यंत्र दुरुस्त करणे, असा समज आहे. त्या कामांची आम्ही किंमत कमी करत नाही, त्यावर कितीतरी घरे चालतात. पण संगणकशास्त्रातले संशोधन पुष्कळदा कागद-पेन्सिलीवर होते. एक उदाहरण देतो. ७, ११, १३ अशा ज्या संख्यांना एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही, त्यांना मूळ संख्या म्हणतात. ९१ ही मूळ संख्या वाटते, पण तिला ७ ने भाग जातो. दोन आकडी संख्या शाळकरी मूल तपासू शकते. शेकडो आकडी संख्या असेल तर? एकेका आकड्याने भागत बसले तर यंत्रालाही जन्म पुरणार नाही. झटपट तपासण्याच्या पद्धती होत्या, पण काही थोड्याफार नशिबावर आणि काही सिद्ध न झालेल्या गृहीतांवर उभ्या होत्या.

२००२ सालच्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तील प्रा. मणीन्द्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी अशी रीत दिली की जी कोणत्याही संख्येबद्दल निश्चित उत्तर देते आणि संख्या वाढली तरी वेळ हाताबाहेर जात नाही. ते दोघे विद्यार्थी त्याच वर्षी बी.टेक. झालेले होते! लेख २००४ साली गणिताच्या एका अग्रगण्य नियतकालिकात छापला गेला आणि २००६ मध्ये त्याला गोडेल पारितोषिक मिळाले. बँकेचे व्यवहार गुप्त राखण्यासाठी मोठ्या मूळ संख्या लागतात हे खरे, पण रोजच्या कामात त्या शोधायला आजही दुसऱ्या, अधिक जलद रीती वापरतात. मग या शोधाचे मोल कशात? असे करता येते की नाही, हेच पूर्वी कोणाला ठाऊक नव्हते, ते आता सिद्ध झाले. इथे व्हाउचर म्हणजे सिद्धता. एक पायरी चुकली तर सगळे रद्द.

तिसरे साहित्य आणि भाषा. यात आपल्या समाजाचा जीव अडकलेला आहे, आणि "आर्ट्सला गेला म्हणजे वाया गेला" असे आपणच म्हणतो. सम्राट अशोकाचे शिलालेख शतकानुशतके उघड्यावर पडून होते, वाचणारा कोणी नव्हता. जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील लहान लहान लेख पाहताना त्याच्या ध्यानात आले की बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. धम्मस्थानावर इतकी माणसे एकच गोष्ट का कोरतील? दान दिल्याचे कोरतील. ती अक्षरे 'दानं' अशी वाचली आणि १८३७ साली ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले. ते उघडले नसते तर आपल्या लेण्यांच्या भिंती मुक्याच राहिल्या असत्या.

पुढे जुन्नरच्या लेण्यांतील लेख वाचले गेले. त्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचीही नावे आहेत. हाताने काम करणाऱ्यांचे संघ त्या काळी एवढ्या पतीचे होते की धम्मकार्यासाठी दिलेली ठेव त्यांच्याकडे ठेवली जाई. हे आपल्याला कोणत्या पोथीने सांगितले? दगडावरची अक्षरे चिकाटीने वाचणाऱ्यांनी सांगितले.

दगडावर न कोरलेले साहित्यही असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या आयाबायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. एवढा पसारा गाव, गाणारी, विषय अशा क्रमाने लावायला संगणकाची मदत घेतली गेली, आणि ते काम बर्नार्ड बेल या संगीत व संगणक जाणणाऱ्या संशोधकाने उभे केले. साहित्य आणि संगणक एकमेकांना असे भेटतात. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्यांनी ते काम केले नसते तर त्या माउल्यांचे शब्द त्यांच्यासोबतच गेले असते. सशाचे आतडे पुढच्या वर्षीही मिळेल, पण आजीची ओवी आजी गेल्यावर मिळणार नाही. आमच्या मते सर्वांत घाईचे संशोधन हेच आहे.

या साऱ्या वाटा एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील तर बाबासाहेबांकडे पाहावे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला तेव्हा ते पंचविशीत होते, आणि तो मानववंशशास्त्राचा वर्ग होता. रुपयाच्या प्रश्नावर लंडनला डी.एस्सी. मिळवली ती अर्थशास्त्रात. १९४६ साली शूद्रांवर आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळावर ग्रंथ लिहिले ते इतिहासाचे. लंडनचा प्रबंध परीक्षकांनी एकदा सुधारण्यासाठी परत केला होता, हेही आपल्या मुलांना सांगावे. बाबासाहेबांचा प्रबंध परत येऊ शकतो, तर आपला आला म्हणून खचायचे कशाला? आणखी एक गोष्ट घरातल्या थोरांसाठी. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराज आणि नवल भथेना यांची मदत, या बळावर ते १९२० साली पुन्हा गेले. मागे रमाईने कसा संसार ओढला, ते आपण जाणतोच.

आता हिशेब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. तेव्हा "लग्न झाले, आता पीएच.डी. सोड" असे सुनेला सांगण्याचे कारण उरत नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनचा दर महिना ३७,००० रुपये आहे, आणि दोन वर्षांनंतर तो ४२,००० होतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, राज्यात पुण्याच्या बार्टीची आहे. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या यादीत बौद्धांचाही समावेश झाला, हा हक्क लढून मिळाला आहे. म्हणून दाखले वेळेत काढून ठेवा.

पण कागदावरचा आकडा म्हणजे हातातला पैसा नव्हे. अधिछात्रवृत्ती अडकते, महिनोन्‌महिने येत नाही. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती येणे बाकी आहे, असे त्याने अखेरच्या पत्रात लिहून ठेवले होते. ज्याला ताऱ्यांचे आणि विज्ञानाचे वेड होते, त्या मुलाला शेवटी थकबाकी मांडावी लागली. संशोधन करणारा मुलगा घरी हसतखेळत बोलतो म्हणजे त्याचे बरे चालले आहे, असे समजू नका. महिन्यातून एकदा तरी सरळ विचारा. पैसे आले का? मार्गदर्शक वेळ देतात का? जेवतोस का?

मूल संशोधन करायचे म्हणाले तर आमच्या मते घराने तीन गोष्टी विचाराव्यात. तुझा प्रश्न कोणता, तो आम्हांला समजेल असा सांग. तुझा मार्गदर्शक कोण, आणि त्याच्या हाताखालच्या किती विद्यार्थ्यांचे काम पुरे झाले? पैसे थांबले तर सहा महिने कसे काढशील? तिन्हींची उत्तरे मिळाली तर मग विज्ञान भारी की साहित्य, हा वाद घालू नये. उत्तरे मिळाली नाहीत तर नोकरी धरून वर्षभर थांबायला सांगण्यातही कमीपणा नाही. बाबासाहेबही मध्ये थांबले होते.

विहारांच्या मंडळांना एक विनंती. वर्षावासात ग्रंथवाचन होते, त्यातला एखादा रविवार वस्तीतल्या संशोधक मुलामुलींना द्यावा. त्यांनी आपला विषय मराठीत, आजीला कळेल असा सांगावा आणि आजीने शंका विचाराव्यात. त्या दिवशी जात्यावरच्या चार ओव्या आठवत असतील तर आजीनेही म्हणाव्यात, आणि मुलांनी त्या नाव, गाव, तारखेसह वहीत उतरवून घ्याव्यात.

जय भीम!